काकू क्लासला जातात

चारुदत्त गुप्त्यांना नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. समोर सगळे 'गुप्तेकाका' म्हणायचे आणि पाठीमागे 'डिक्शनरीकाका'. पाठीमागचं नाव काकांच्या कानावर आलं होतं आणि मनातल्या मनात त्यांना ते आवडायचंही. सोसायटीची नोटीस असो, कुणाच्या मुलीचा नोकरीचा अर्ज असो की बँकेकडे करायची तक्रार, मजकूर आधी काकांच्या नजरेखालून जायचा. काका चष्मा पुसायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि पहिल्याच ओळीवर थांबायचे.

"हिस्टॉरिकल नाही हो, हिस्टॉरिक. इतिहासातलं जे जे काही, ते हिस्टॉरिकल. इतिहासात ज्याची नोंद होईल ते हिस्टॉरिक. आपली लिफ्ट दुरुस्त झाली, ती हिस्टॉरिक घटना. कळलं?"

सेक्रेटरी विश्वजीत हसायचा. चाळिशीतला माणूस, बँकेत नोकरीला, पण काकांपुढे शाळकरी पोरासारखा उभा राहायचा.

हे इंग्रजी काकांना घरातून मिळालेलं नव्हतं. शिक्षण पेणच्या मराठी शाळेत झालं आणि पुढे ते मुंबईला एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर चिकटले. पहिल्याच वर्षी त्यांनी बंदरातल्या एका अधिकाऱ्याला आभाराचं पत्र लिहिलं आणि त्यात 'आपल्या ऑफिशस मदतीबद्दल' असे शब्द घातले. ऑफिशियल म्हणजे अधिकृत हे त्यांना माहीत होतं. ऑफिशस हा त्याचाच जरा भारदस्त भाऊ असावा, असं त्यांना वाटलं. पण ऑफिशस म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा. साहेबाने ते पत्र पाठवण्याआधी सगळ्या हॉलसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. टायपिस्टसुद्धा हसली. त्या दिवसापासून चारुदत्त सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या मागे हात धुऊन लागले, आणि निवृत्त होईपर्यंत त्या कचेरीतलं एकही पत्र त्यांनी बघितल्याशिवाय बाहेर गेलं नाही.

पद्मजाकाकूंचं सगळं याच्या उलट. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन. आसपासच्या बिल्डिंगांमधल्या बायका ब्लाऊज शिवायला त्यांच्याकडे यायच्या. इंग्रजीशी काकूंचा संबंध यायचा तो पाकिटांवरच्या आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या अक्षरांपुरता. टाका घालता घालता त्या थांबायच्या आणि आत हाक मारायच्या, "अहो, हे 'शेक वेल' म्हणजे काय हो?" मग काका हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून, जरा घसा साफ करून सांगायचे. काकू पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारायच्या. काका "किती वेळा सांगायचं!" म्हणायचे आणि पुन्हा तितक्याच चवीने सांगायचे.

मग बंगलोरची नात रेवा फोनवर बोलायला लागली आणि घरातली घडी बदलली. मुलगा इंद्रजीत तिकडे नोकरीला, सून मल्याळी, त्यामुळे घरात बोलणं सगळं इंग्रजीत. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. फोन काकांच्या हातात असायचा. रेवा चिवचिवायची, काका उत्तरं द्यायचे, आणि काकू शेजारी बसून नुसत्या हात हलवायच्या.

एका रविवारी फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "मला शिकवाल का? थोडंच. तिच्याशी बोलण्यापुरतं."

काका खूश झाले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी काकूंना आईबद्दल एक वाक्य बोलायला सांगितलं. काकू जरा विचार करून म्हणाल्या, "माय मदर वॉज अ गुड कुकर."

काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, कुकर म्हणजे शिट्ट्या मारतो तो! स्वयंपाक करणारी ती कुक!" एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांनी ते इंद्रजीतला फोनवर सांगितलं, लिफ्टमध्ये विश्वजीतला सांगितलं, आणि गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना सात-आठ माणसांसमोर सांगितलं. काकू तिथेच होत्या. त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या टेबलावर आल्या नाहीत. ब्लाऊजची घाई आहे म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी काकूंनी पर्स खांद्याला लावली.

"कुठे?"

"कामोठ्याला. बायकांचा इंग्रजी बोलायचा क्लास आहे. अनुया मॅडम घेतात. आठवड्यातून तीनदा."

"अगं, घरात मी असताना?"

"तुम्हाला कशाला त्रास," असं म्हणून काकू चपला घालून निघूनही गेल्या.

सुरुवातीला काकांना गंमत वाटली. चार दिवसांची हौस, म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण काकू घरी यायच्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. चहा टाकता टाकता काहीतरी पुटपुटायच्या, स्वतःशीच मान हलवायच्या. एक दिवस कप पुढे ठेवून म्हणाल्या, "अहो, आपल्या मराठीत सावली एकच, नाही? झाडाची पण सावली आणि माझी पण सावली. इंग्रजीत दोन आहेत. ऊन टळलं की ती शेड. आकार दिसला की ती शॅडो. अनुया मॅडमनी गच्चीवर नेऊन दाखवलं."

"मला माहीत आहे," काका म्हणाले.

"तुम्हाला असणारच. मला आज कळलं."

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच काकांना झोंबलं. शेड आणि शॅडो त्यांनीही काकूंना एकदा समजावलं होतं. शब्द कुठून आले, तिथपासून सुरुवात केली होती. काकू "हो का" म्हणून उठल्या होत्या. आणि इथे कोण कुठली कामोठ्याची मुलगी, ती गच्चीवर नेते आणि हिच्या लगेच डोक्यात बसतं! काकांना तो चहा गोड लागला नाही.

मग घरात उठता-बसता 'अनुया मॅडम' सुरू झालं. मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात. काका त्या मॅडमची चूक सापडते का याची वाट बघत बसायचे. काकू काही सांगायला लागल्या की ते कान टवकारायचे, पण ते ऐकून घेण्यासाठी नव्हे, पकडण्यासाठी. सहसा काही सापडायचं नाही.

रविवारच्या फोनवर तर जास्तच झालं. रेवा आता पडद्यावर आली की पहिलं वाक्य "व्हेअर इज आजी?" असं असायचं. काकू अडखळत, मध्येच हात वापरत, पण बोलायच्या. बाहुलीचे कपडे कसे शिवायचे यावर दोघींचं तासभर चालायचं. काका शेजारच्या खुर्चीत बसून 'द' राहिला, 'अॅन' पाहिजे होतं, असं मनात मोजत राहायचे. एकदा न राहवून मध्ये बोलले, तर रेवाने बोट ओठांवर ठेवलं. "आजोबा, शी इज टॉकिंग."

त्यानंतर बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर काकूंनी आवाज रेकॉर्ड करून टाकायला सुरुवात केली. त्यातला एक काकांनी विश्वजीतच्या बायकोच्या फोनवर, जिन्यात उभं राहून ऐकला. "काल मागच्या रस्त्याला एका बाईंची चेन ओढून नेली. चोराने काय चोरलं? चेन. म्हणून ही स्टोल द चेन. लुटलं कुणाला? बाईंना. म्हणून ही रॉब्ड द लेडी. वस्तू स्टील करतात, माणसाला रॉब करतात. बाई काही कोणी स्टील करत नाही, एवढं लक्षात ठेवा." आवाजाच्या शेवटी काकूंचं स्वतःचं हसू होतं. खाली बदामांची आणि टाळ्यांची रांग लागली होती. काकांनी वर्षानुवर्षं सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर लोकांच्या शुभेच्छा दुरुस्त केल्या होत्या. त्यांच्या वाट्याला एखादा अंगठा यायचा, बहुतेक विश्वजीतचा.

"काकू काय सुंदर समजावतात हो!" विश्वजीतची बायको म्हणाली. "आम्हाला तर आता सवयच झालीये."

"हो," काका म्हणाले. त्या दिवशी ते जिना एकेक पायरी जपून उतरले, जणू पायांत काहीतरी अडकलं होतं.

आणि वर कडी म्हणजे कृष्णाबाई. उरणकडची मासेवाली, टोपली घेऊन आठवड्यातून दोनदा दाराशी यायची. एकदा काका दारात आले तर म्हणते, "सायेब, वयनी कुठं हायेत? कामोठ्याला गेल्या वाटतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मला पन शिकवलंय त्यांनी. आमी खारघरला टावरात जातो ना, तितल्या बाया इंग्लिशच बोलतात. मी 'न्यू फिश, न्यू फिश' वरडायची. वयनी बोलल्या, न्यू नाय कृष्णे, फ्रेश. न्यू म्हंजे नवीन कापड, फ्रेश म्हंजे ताजी मासली. आता बगा, बाया हसत नाय."

काकांनी बोंबील घेतले नाहीत. ताजे असूनही घेतले नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांनी तो फोन केला. फ्रिजवर क्लासचा कागद चिकटवलेला होता, त्यावर नंबर होता. काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. पलीकडून तरुण, मोकळा आवाज आला. काका आपल्या कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "मी मिस्टर गुप्ते. माझ्या मिसेसना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. शी विल बी डिसकंटिन्युइंग."

"अरेरे! पण काका, काकू काही बोलल्या नाहीत मला. आणि त्या शनिवारच्या कार्यक्रमात बोलणार आहेत ना? सगळ्यात छान त्यांचंच झालंय."

कार्यक्रम? काकांना कार्यक्रमाचा पत्ताच नव्हता. घरात इतकं सगळं सांगणाऱ्या बाईने हे सांगितलं नव्हतं. "तेही जमणार नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकू क्लासला गेल्या आणि लगेचच परत आल्या. चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली, आणि काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, क्लासमध्ये फोन तुम्ही केलात?"

"कसला फोन?"

"माझे गुडघे दुखतात म्हणून."

"मी कशाला करू? त्यांचा काहीतरी गोंधळ झाला असेल. दुसरे कुणी गुप्ते असतील."

काकूंनी पदर खोचला. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "मराठीत आपण नुसतं नाकारलं म्हणतो. इंग्रजीत त्याचे दोन शब्द आहेत. चहा नको म्हटलं तर रिफ्यूज. केलेलं केलं नाही म्हटलं तर डिनाय. गेल्याच आठवड्यात झालं आमचं."

आणि त्या आत मशीनपाशी जाऊन बसल्या. काका मशीनचा आवाज येईल म्हणून वाट बघत राहिले. आवाज आला नाही.

पुढचे दिवस घर नेहमीसारखं चाललं होतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, विचारलेल्याला उत्तर. भांडण असतं तर काकांना बरं वाटलं असतं. काकू क्लासलाही गेल्या नाहीत. एकदा डॉक्टरांकडून नवीन गोळ्या आल्या. काकूंनी ते पाकीट खिडकीशी उजेडात धरलं, ओठ हलवत अक्षर अक्षर वाचलं, आणि डब्यात ठेवून दिलं. काका तिथेच बसले होते. त्यांनी घसासुद्धा साफ करून ठेवला होता.

त्या दुपारी ते उठले आणि रिक्षा करून कामोठ्याला गेले. औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर क्लास होता. बायकांची बॅच सुटत होती. साडीतल्या, ड्रेसमधल्या, एक तर काखेत मूल घेऊन आलेली. सगळ्या हसत, एकमेकींच्या चुका सांगत जिना उतरत होत्या. काका भिंतीला लागून उभे राहिले. अनुया फळा पुसत होती. तिशीची असेल, केस वर बांधलेले, हाताला खडू. काकांच्या मनातली मॅडम हिच्यापेक्षा बरीच मोठी आणि बरीच वाईट होती.

"मी गुप्ते," काका म्हणाले. "तो फोन खोटा होता. तिचे गुडघे ठणठणीत आहेत."

अनुयाने खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत.

"मग का केलात, काका?"

मराठीत सांगायला जीभ रेटेना. "आय वॉज एन्व्हियस," ते म्हणाले.

अनुया शिकवणारीच. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "एन्व्हियस, की जेलस?"

आणि काकांनीही सवयीने सुरू केलं. "दोन्ही वेगळे. दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, म्हणून जे वाटतं ते एन्व्ही. आपल्याकडे आहे ते दुसरा घेऊन जाईल, म्हणून जे वाटतं ती जेलसी. आता माझ्याकडे इंग्रजी तर..."

ते मध्येच थांबले. हा फरक त्यांनी सोसायटीतल्या निम्म्या पोरांना परीक्षेसाठी समजावला होता. तेव्हा तो अगदी सोपा होता.

"इंग्रजी तर माझं तिच्यापेक्षा चांगलं आहे," ते हळू म्हणाले.

"म्हणजे एन्व्हियस नाही."

"नाही."

"मग तुमचं मी काय नेलं, काका?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. काका अर्धवट पुसलेल्या फळ्याकडे बघत राहिले. "ती मला विचारायची," शेवटी म्हणाले. "औषधाच्या बाटलीवरचं, पाकिटावरचं. काहीही. हातातलं काम थांबवून मला विचारायची."

अनुयाने डस्टर खाली ठेवला. "काकू इथे आल्या ना, तेव्हा बोलताना रुमाल तोंडाशी धरायच्या. मला वाटलं, दातांचं काहीतरी असेल. मग एक दिवस बाकीच्या बायका आपापल्या चुकांवर हसत होत्या, तर काकू म्हणाल्या, 'मॅडम, हे बाहेर कुठे सांगणार नाही ना तुम्ही?' त्यानंतर किती दिवसांनी तो रुमाल पर्समध्ये गेला."

काका आता खुर्चीत बसले.

"कार्यक्रमातून त्यांचं नाव मी काढलेलं नाही," अनुया म्हणाली. "पण मी काही सांगायला जाणार नाही. ते तुम्ही सांगा."

घरी आल्यावर काकांनी सांगितलं. उभ्या उभ्या, चपलाही न काढता. "फोन मीच केला होता. कामोठ्याला जाऊन तसं सांगून आलो. जळलो मी, पद्मजा." हेवा, मत्सर, असूया, वाटेत रिक्षात त्यांनी सगळे शब्द लावून बघितले होते. शेवटी हाच बसला.

काकूंनी काजाचा दोरा दातांनी तोडला. "मला माहीत होतं तुम्हीच केलात. तुमच्याशिवाय 'डिसकंटिन्युइंग' कोण म्हणतं इथे?"

"मग तू जात का नव्हतीस? तुला जायचं होतं तर..."

"जाणारच होते. तुमच्या फोनने मी थांबले असते की काय? तुम्ही कधी सांगता ते बघत होते." त्यांनी कापड उलटं केलं, शिवण तपासली. "आणि कुकरचं ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांच्या कानांतून ते काही मी परत काढू शकत नाही. ते राहिलंच."

काकांनी तेव्हा कुठे चपला काढल्या.

शनिवारी कामोठ्याच्या त्याच खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. काका शेवटच्या ओळीत बसले. काकूंचं नाव पुकारलं तेव्हा त्या पुढे गेल्या, मोतिया रंगाची साडी, हातात कागद नाही. बोलल्या त्या ब्लाऊजबद्दल. मापाला बरोबर बसतो तो ब्लाऊज फिट होतो. पण बसला म्हणून शोभतोच असं नाही. शोभला तरच तो सूट होतो. माप टेपने घेता येतं, शोभणं टेपने मोजता येत नाही, त्यासाठी बाईच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. आरशात बघून गिऱ्हाईक खूश आहे की नाही, ते मला तिच्या तोंडाआधी तिच्या खांद्यांवरून कळतं. एवढं सगळं त्या मोडक्या, साध्या, पण न थांबणाऱ्या इंग्रजीत बोलल्या. तीन ठिकाणी चुकल्या. एका ठिकाणी बायका हसल्या आणि काकूही त्यांच्याबरोबर हसल्या, आणि पुढे गेल्या.

काकांच्या शेजारची बाई वाकून म्हणाली, "किती छान बोलतात! कोण हो या?"

"माझी बायको," काका म्हणाले, आणि त्यांची छाती फुगली. पण टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा काकूंनी पहिल्यांदा बघितलं ते अनुयाकडे. नजरेनेच विचारलं, जमलं ना? अनुयाने मान हलवली. मगच काकूंची नजर मागच्या ओळीकडे आली. हे काकांनी नेमकं टिपलं, आणि फुगलेली छाती जराशी खाली बसली.

परत येताना त्यांनी रिक्षा केली. हायवे ओलांडल्यावर काका म्हणाले, "फिट आणि सूट. मी हे कधी असं सांगितलं नसतं."

"तुम्हाला कुठे ब्लाऊज शिवता येतो?" काकू म्हणाल्या.

काका हसले. काकूंनाही हसू आलं. इतक्यात पर्समधला फोन वाजला. काकूंनी तो काढला, लांब धरला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. असं हसू काकांनी कितीतरी दिवसांत आपल्या वाट्याला आलेलं बघितलं नव्हतं. ते बाहेर दुकानांच्या पाट्यांकडे बघायला लागले. जळणं अजून होतंच. आता निदान त्याचं नाव त्यांना माहीत होतं.

"कुणाचा मेसेज?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मॅडमचा."

"काय म्हणतात?"

"इंग्रजीत आहे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी तो मोठ्याने, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत.